सोनावळ्यांतले अमेरिकन अध्यक्ष

वही भारतीच्या हाती लागली ती कात्रीमुळे.

साखरेचे पुडे बांधायला बसलेल्या बायकांना कात्री वेळेवर सापडली असं कधी झालंय? पालेगावच्या फ्लॅटमध्ये शनिवारी दुपारी चार वाजता लाल चकचकीत कागद होता, जरीची दोरी होती, पाच किलो साखर होती, फक्त कात्री नव्हती. भारती गुडघ्यांवर हात टेकत उठली, भावजयीच्या कपाटाचा खण ओढला आणि कात्रीऐवजी दोनशे पानी वही घेऊन बाहेर आली. वहीवर संध्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘पेपर आठवा. अमेरिकन अध्यक्ष आणि राजकीय नेतृत्व.’

दुसऱ्याची वही वाचू नये एवढं भारतीला कळतं. ती सोनिवलीच्या बचत गटाची सचिव आहे, अडाणी नाही. पण वही आपली आपणच उघडली, असं ती पुढे कित्येक महिने शपथेवर सांगत होती.

“अगं बाई! ‘निक्सन म्हणजे भाऊजी’?” ती मोठ्याने म्हणाली. “दादा, हे तुझ्यावर लिहिलंय रे.”

हरिचंद्र, सोनावळ्यांचा थोरला, सोफ्यावर बसून हॉलवाल्याला फोनवरून खुर्च्यांबद्दल दम देत होता. उद्याचा साखरपुडा त्याच्या कल्पेशचा, त्यामुळे गेले तीन दिवस तो दिसेल त्याला दम देत होता. त्याने फोन कानापासून लांब धरला. “काय लिहिलंय?”

“‘निक्सन म्हणजे भाऊजी. सगळं बोलणं टेप करून ठेवायचा. चौकशी लागली तेव्हा एका टेपमधली साडेअठरा मिनिटं गायब. लक्षात ठेवायची खूण, भाऊजी ग्रुपवर मेसेज टाकतात आणि उडवतात.’”

स्वयंपाकघरात चहा गाळत असलेल्या संध्याच्या हातातली गाळणी पातेल्यात पडली.

आता यात संध्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. अंबरनाथच्या एका ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं क्लार्क. दरवर्षी हजारभर पोरांना हॉल तिकिटं वाटायची आणि स्वतःचं शिक्षण मात्र लग्नात दुसऱ्या वर्षालाच थांबलेलं. चाळिशी उलटल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. पुरं केलं, मग राज्यशास्त्रात एम.ए. धरलं. सात पेपर सुटले आणि आठव्यात गाडं अडलं. मागच्या वर्षी एकतीस मार्क. कारण त्या अमेरिकेत जॉन्सन दोन, रूझवेल्ट दोन, हॅरिसन दोन, अॅडम्स दोन, सगळ्यांची डोक्यात खिचडी. एक दिवस मटार सोलता सोलता तिच्या लक्षात आलं, की सोनावळ्यांच्या भावकीत तीन रमेश आहेत आणि त्यांची आपली कधी गल्लत होत नाही. का? कारण प्रत्येकाची खोड आपल्याला पाठ आहे. नातेवाइकाचं नाव माणूस विसरेल, खोड विसरणार नाही. मग तिने एकेका अध्यक्षाला एकेक नातेवाईक नेमून दिला, आणि महिन्याभरात सगळे अध्यक्ष तिच्या तोंडपाठ झाले.

पेपर उद्या रविवारी, सकाळी अकराला, उल्हासनगरच्या सेंटरवर. नोंदणीची मुदत या परीक्षेबरोबर संपत होती. उद्या बसली नाही तर सुटलेले सातही पेपर पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून फॉर्म.

आणि साखरपुडाही उद्याच, सोनिवलीच्या हॉलवर, अकरा वाजून बारा मिनिटांनी. कल्पेशची आई विठा अकरा वर्षांपूर्वी गेली. पोरगा तेव्हा दहावीत होता, त्याचा डबा पुढे तीन वर्षं संध्याने भरला. मुलीला साडी आणि पुडा द्यायचा तो मुलाच्या आईने. कल्पेश म्हणाला होता, काकीच देईल. संध्याने तीन आठवड्यांपूर्वी हरिचंद्राला सांगितलं, भाऊजी, त्या दिवशी माझा पेपर आहे. हरिचंद्र म्हणाला, बघू. सोनावळ्यांत ‘बघू’ म्हणजे नाही, हे लग्न होऊन आलेल्या बाईला पहिल्या वर्षातच कळतं.

“ताई, द्या ती वही.” संध्या पदराला हात पुसत बाहेर आली.

“थांब गं. चांगलं लिहिलंयस.” भारतीला आता कात्रीची आठवणही नव्हती. तिचा दादा तिला लहानपणापासून दम देत आला होता आणि त्याच्याविषयी असं कुणी शाईने लिहिलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

“मला काय केलंय?” बबनराव आतल्या खोलीतून आले. ऑर्डनन्स फॅक्टरीत अडतीस वर्षं, त्यातली वीस युनियनमध्ये. सत्त्याहत्तराव्या वर्षीसुद्धा माइक दिसला की घसा खाकरायचे. “लिंकन केलं असेल.” हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.

भारतीने पानं उलटली. “बाबा, तुम्ही हॅरिसन.”

“तो कोण?”

“‘थोरला हॅरिसन म्हणजे बाबा. शपथविधीला थंडीवाऱ्यात कोट न घालता पावणेदोन तास भाषण केलं. आजवर कुणी मोडलं नाही.’”

बबनरावांचा चेहरा खुलला. “पावणेदोन तास! बिनकोटाचा! बघा, त्या माणसाकडे मुद्दे होते. पुढे?”

“पुढचं राहू दे.”

“वाच म्हणतो ना.”

“‘महिन्याभरात वारला.’”

बबनरावांनी छातीवर हात ठेवला.

“सूनबाई,” बबनराव म्हणाले, “माझं बायपास झालंय, तुम्हाला माहीत आहे.”

“बाबा, ते फक्त पाठ करायला हो,” संध्या रडकुंडीला आली होती. “मनात काही नाही.”

“आजोबा, लिंकनचं सगळ्यात फेमस भाषण फक्त दो मिनिट का था,” प्रगती म्हणाली. ही संध्याची लेक, वय एकोणीस, जमिनीवर पालथी पडून मोबाइलवर एकेक अध्यक्ष शोधत होती आणि तिला आयुष्यात कुठलाही साखरपुडा इतका आवडला नव्हता.

“दोन मिनिटांत व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावंसुद्धा घेऊन होत नाहीत,” बबनराव म्हणाले आणि दुखावलेल्या चेहऱ्याने खुर्चीत बसले.

मिलिंद इतका वेळ गप्प होता. संध्याचा नवरा, एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. गप्प राहणं हाच त्याचा मुख्य उद्योग. आई म्हणाली भाजी तिखट झाली, बायको म्हणाली बेताची झाली, तर हा म्हणायचा, दोघींचं बरोबर आहे. उद्याचं काय करायचं हे संध्याने त्याला तीन आठवड्यांत नऊ वेळा विचारलं होतं. नऊही वेळा तो म्हणाला, “तुझा पेपर महत्त्वाचा आहे गं. पण दादाचंही बरोबर आहे.” आता त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, “मी आहे का त्यात?”

“आहेस की. अख्खं पान आहे,” भारती म्हणाली. “‘बुकॅनन म्हणजे हे. घर फुटतंय हे डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हणाला, फुटून निघायचा हक्क कुणाला नाही, पण अडवायचा हक्क मलाही नाही. खुर्ची उबवत बसला. पुढे युद्ध.’”

मिलिंदने मोबाइल काढला. त्याने काय शोधलं ते सगळ्यांना दिसत होतं, कारण वाचताना त्याचे ओठ हलायचे.

“संध्या, याला सगळ्यात खालचा नंबर देतात गं.”

“सगळ्या याद्यांत नाही देत, अहो.”

“आणि याने तर लग्नच केलं नव्हतं!”

“म्हणून तर लक्षात राहिला,” संध्याच्या तोंडून निघून गेलं.

प्रगती उशीत तोंड खुपसून हसली. मिलिंद हसला नाही. त्याला वाईट वाटलं होतं, आणि जास्त वाईट याचं की ते पान वाचून त्याला एकही वाक्य खोडून काढता येईना. चोवीस वर्षं आपण भांडण नको म्हणून गप्प बसलो आणि ही तिकडे बसून त्याची टिपणं काढत होती. बुकॅननलाही घरी आल्यावर असंच वाटत असेल, असं त्याच्या मनात आलं. मग आठवलं, त्याच्या घरी कुणी नव्हतंच.

“कल्पेश पण आहे,” भारतीचा आवाज चढत चालला होता. कल्पेश सलूनमध्ये होता ते बरं. “‘क्लीव्हलंड म्हणजे कल्पेश. एकदा होता, मग नव्हता, मग परत होता. म्हणून दोनदा मोजतात.’”

यावर मात्र हरिचंद्रसुद्धा क्षणभर हसला, कारण ते खरंच होतं. हाच साखरपुडा जानेवारीत एकदा ठरून मोडला होता, मे महिन्यात त्याच मुलीशी परत ठरला.

“आणि मी कुठाय?” भारतीने सगळी वही पालथी घातली. मागून पुढे आली, पुढून मागे गेली. तिचा चेहरा उतरला. “संध्या, मी नाहीये यात.”

“मी बी नाय?” भागीरथीबाईंनी विचारलं.

भागीरथीबाई इतका वेळ खाली बसून साखर मापत होत्या. बबनरावांची बायको, चौथी शिकलेली, वांगणीच्या बाजूची. त्यांनी मापाचा पेला खाली ठेवला. “पन्नास वर्सं ह्ये घर मी रेटलं. ह्या मानसाचं युनियनचं जेल बी काढलं आनि बायपास बी काढलं. आनि तुझ्या वहीत मी नाय?”

“आई, बसवून बघितलं हो. बसेना.” संध्या त्यांच्या शेजारी बसली. “आजवर पंचेचाळीस माणसं झाली अध्यक्ष. त्यात एकही बाई नाही.”

“येक बी नाय?”

“एकही नाही.”

“येवढी मोठी अमेरिका,” भागीरथीबाई म्हणाल्या, “आनि हितं तर पालेगावला पन बाई सरपंच झाली व्हती.”

भारतीने वही मिटली. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत ती हरिचंद्राला चिडवायला संध्याच्या बाजूला होती, मग नाव नाही म्हणून संध्यावर रुसली होती, आणि आता कुणावर रुसावं ते तिला कळेना.

“एक होती तशी,” संध्या म्हणाली. “विल्सनची बायको. नवऱ्याला झटका आला, तो पडून. तर दीड वर्ष कुठला कागद त्याच्यापर्यंत जायचा आणि कुठला नाही, ते ही बाई ठरवायची. पण यादीत नाव नवऱ्याचं.”

भागीरथीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. बबनराव मोबाइलवर फक्त फोन घेतात. ग्रुपवरचे मेसेज त्यांना रोज संध्याकाळी भागीरथीबाई वाचून दाखवतात, आणि काय वाचायचं नाही ते त्यांचं त्या ठरवतात. शुक्रवारी ग्रुपवर आलेली एक गोष्ट त्यांनी अशीच गिळली होती, आणि गेले चोवीस तास ती पोटात टोचत होती.

“मंग ती बाई मी,” त्या म्हणाल्या. “लिव तसं.”

“बास झालं!” हरिचंद्र उठला. त्याला हसण्याचा आवाज सहन होईना. उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात एका फर्निचरच्या दुकानाचा तो मॅनेजर, तिथे शेठ सोडून त्याला कुणी हसत नसे. “उद्या माझ्या पोराचा साखरपुडा आणि हिला पेपर सुचतोय. वर मी निक्सन! चोर! मी काय लपवलंय कुणापासून? बोला ना! साईं, मी आयुष्यात...” रागावला की तो दुकानातल्या सिंधी गिऱ्हाइकांसारखं घरच्यांनाही साईं म्हणायचा. “एक गोष्ट दाखवा!”

असं विचारू नये. निदान प्रगतीसमोर विचारू नये.

“मोठे बाबा,” ती उठून बसली, “हॉल साडेदहापासून आपला आहे. मग निमंत्रणात अकरा बारा का? अकरा का नाही? सव्वाअकरा का नाही?”

“गाड्यांचा हिशेब धरून टाकलंय.”

“आणि शुक्रवारी तुम्ही ग्रुपवर फोटो टाकून उडवलात ना, तो मी उडवायच्या आधी बघितला.”

हरिचंद्राने हातातला मोबाइल टीपॉयवर पालथा ठेवला.

“कसला फोटो?” बबनरावांनी विचारलं.

पंख्याखाली लाल कागदाचे तुकडे फडफडत होते. प्रगतीला आता कळलं की हा गंमतीचा भाग नव्हता, पण उशीर झाला होता. शेवटी भागीरथीबाईच म्हणाल्या, “मुहूर्ताचा. शुभ येळ, अकरा बारा ते बारा चार. दुसऱ्या कुनाला धाडायचा तो आपल्यात पडला. मी तुमाला वाचून नाय दाखवला.”

बबनराव उठले. सोनावळ्यांच्या घरातल्या माणसांना आता काय होणार ते ठाऊक होतं. चाळीस वर्षं अंबरनाथ ते बदलापूर समाजातल्या प्रत्येक लग्नात, मंगल परिणय लागला की, हा माणूस माइक हातात घ्यायचा आणि मुहूर्तावर बोलायचा. जेवणं थंड व्हायची. भारतीच्या स्वतःच्या लग्नात तिच्या सासऱ्यांनी हात जोडले होते.

“माझा बाप धोंडिबा,” बबनराव म्हणाले, “माझ्या थोरल्या आत्याच्या लग्नाची तिथी विचारायला गेला, तेव्हा जोशाच्या ओट्याखाली उभा राहिला होता. उन्हात. दोन तास. वर बोलावलं नाही त्याला. छप्पन साली धम्मात आला आणि घरी येऊन म्हणाला, आता आपली वेळ आपण ठरवायची.” ते थांबले. सगळे वाट बघत होते. “हरी, तू कुणाच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिलास रे?”

“कुणाच्या नाही, बाबा. मोबाइलमध्ये बघितली.” हरिचंद्राचा आवाज पार खाली आला होता. “माझं आणि विठाचं लग्न तुम्ही रविवार बघून लावलंत. कंपनीला सुट्टी म्हणून. ती छत्तिसाव्या वर्षी गेली. त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही, मला कळतं. मी पण लोकांना भाषणं देतो ना. पण एकदा ठरून मोडलं पोराचं. परत ठरलं तेव्हा मला भीती वाटली, बाबा. वाटली भीती. काय करू?”

हे म्हणताना तो रडत होता. एवढा आडवातिडवा माणूस, बापासमोर उभा राहून, जरीची दोरी बोटाभोवती गुंडाळत. भारती उठून त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. बबनरावांजवळ मुहूर्तावरचं सगळं भाषण तयार होतं, उदाहरणांसकट. त्यातलं एकही वाक्य इथे चालणार नाही, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. त्यांनी मुलाचा दंड धरला आणि त्याला खुर्चीत बसवलं.

संध्या बघत होती. तिच्या मनात आलं, झालं. आता कोण आपल्या पेपरचं नाव काढणार? मीच काढू शकत नाही. भाऊजी विठाताईंसाठी रडतायत आणि मी म्हणू का, की माझे सात पेपर पाण्यात जातील? तिने वही उचलली आणि कपाटाकडे निघाली. जाताना तिला स्वतःचा राग आला, आणि तेवढाच या सगळ्यांचाही आला.

“मग चार वाजता ठेवू,” कुणीतरी म्हणालं.

कोण बोललं ते बघायला सगळे वळले, कारण तो आवाज या घरात ठराव मांडायला कधी वापरला गेला नव्हता.

“साखरपुडा,” मिलिंद म्हणाला. तो उभा होता आणि हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. “बाबा म्हणतात ना, आपली वेळ आपण ठरवायची. तर चारला ठरवू. हॉल दिवसभराचा आहे. संध्या अकराला पेपरला जाईल. तिथून येईल आणि पुडा देईल.” मग त्याला वाटलं की अजून काहीतरी म्हणायला हवं. “दादाचं बरोबर नाही. संध्याचं बरोबर आहे.”

“पप्पा!” प्रगती म्हणाली. “एक नंबर!”

“ते व्हायचं नाही,” हरिचंद्र नाक पुसत म्हणाला. “मुलीकडच्यांना काय तोंडाने सांगू? जानेवारीत ते म्हणाले, आठ दिवस पुढे ढकला. मी काय म्हटलं होतं? सोनावळ्यांकडे एकदा ठरलं की ठरलं. त्यावरून तर मोडलं! आता मीच फोन करून म्हणू, पाच तास पुढे ढकला?”

आता कळलं ना? हा माणूस मुहूर्ताला जेवढा भीत होता, त्याच्या दसपट त्या एका फोनला भीत होता.

भागीरथीबाईंनी हरिचंद्राचा मोबाइल टीपॉयवरून उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

“तूच कर. मी नाय करनार, तुझा बाप नाय करनार. आनि खोटं नाय सांगायचं. आजार-बिजार काय काढायचा नाय. आमच्या घरातल्या बाईची परीक्षा हाय, असं सांग.”

“आई, पण ते परत...”

“मोडू दे मंग. सुनेची परीक्षा हाय म्हनून ज्यांना राग येतो, त्यांच्या घरची पोरगी हितं येऊन काय करनार? हितं रोज येक परीक्षा.”

हरिचंद्राने नंबर लावला. चिखलोलीचे व्याही, मुलीचे वडील, पहिल्याच रिंगला फोनवर आले. तेही घाबरलेलेच असणार.

“जय भीम, साहेब. हो, हो, तयारी जोरात. नाही, खुर्च्या आल्या. ते... एक विनंती होती.” त्याने डोळे मिटले. “आमच्या धाकट्या भावाची बायको, कल्पेशला तिनेच सांभाळलं, तिचा उद्या अकराला एम.ए.चा पेपर आहे. शेवटचा चान्स. तिने मला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. आणि जानेवारीत तुम्ही विचारलं तेव्हा मी जे बोललो, ती पण चूक माझीच. तर आपण चार वाजता...”

हरिचंद्राच्या कपाळावरून घाम ओघळला. मग फोनमधून इतक्या जोरात आवाज आला की सगळ्यांनी ऐकला.

“अहो, चालेल का काय विचारता! आमच्याकडची माणसं अकराला कुठे येतात? आम्ही त्यांना साडेनऊ सांगून ठेवलं होतं! आणि माझी बायको कालपासून डोकं खातेय, अकरा बारा म्हणजे काय टायमिंग झालं? तिला वाटलं, तुमच्याकडे कुणीतरी मुहूर्तवाले आहेत. म्हटलं, बबनरावांचं घर ते, वेडी आहेस का!”

“नाही नाही,” हरिचंद्र म्हणाला. मग त्याने आईकडे बघितलं, आणि बापाकडे बघितलं. “होता हो एक. मीच. आल्यावर सांगतो सगळं.”

त्याने फोन ठेवला. मग संध्याला म्हणाला, “निक्सनचं पुढे काय झालं?”

“राजीनामा दिला, भाऊजी. पण कबूल असं कधी केलं नाही पूर्ण.”

“मग मला काढ त्यातून.”

“परवा काढते,” संध्या म्हणाली. “उद्यापर्यंत राहा. उद्या लागणार आहात तुम्ही मला.”

*

उल्हासनगरच्या सेंटरवर बाकं शाळेतल्या पोरांच्या मापाची होती. संध्याचे गुडघे वर अडकत होते. फोन बाहेर जमा केला होता. तीन तास आपल्याला कुणी हाक मारणार नाही, हे लक्षात आलं तेव्हा तिला आधी चुकल्यासारखं झालं आणि मग पोटातून हसू आलं.

सकाळी मिलिंदने तिला स्कूटरवरून आणलं. दीड तास आधी. गेटपाशी तो म्हणाला, “मी इथेच थांबतो.” ती म्हणाली, अहो, दुपारपर्यंत? तो म्हणाला, “मग काय झालं? मला बसून राहायची सवय आहे.” असं म्हणून तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला, आणि ती आत येईपर्यंत त्याच्याकडे वळून वळून बघत राहिली.

तिसरा प्रश्न होता, ‘राष्ट्रीय संकटाच्या काळात अपयशी ठरलेल्या कोणत्याही एका अध्यक्षाच्या नेतृत्वाचे मूल्यमापन करा. गुण वीस.’

तिने बुकॅनन घेतला. हातचं काही राखलं नाही. काय काय दिसत असूनही केलं नाही, कुणाकुणाला दुखवायला भ्यायला, गप्प राहण्यालाच शहाणपण कसं समजला, सगळं मुद्देसूद मांडलं. गेटवर बसलेल्या माणसासाठी त्या बुकॅननला एकाही मार्काची सूट द्यायचं तिला कारण नव्हतं. त्याच्याकडे चार वर्षं होती आणि त्याने तोंड उघडलं नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर ती थोडी थांबली, डोळे पुसले आणि पुढच्या प्रश्नाला लागली.

मागच्या वर्षी ती याच सेंटरवरून दीड तासात उठली होती, उत्तरपत्रिकेची निम्मी पानं कोरी ठेवून. आज एक वाजून दहा मिनिटांनी तिचं पेन शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीवर आलं आणि वाक्य अर्धं राहिलं. ती ओळ ती बघत राहिली. बावीस वर्षं कॉलेजात पुरवण्यांचे गठ्ठे तिने मोजले होते, शिक्के मारले होते, वर्गावर्गात पोचवले होते. मागितली कधीच नव्हती.

तिने हात वर केला. “सर, पुरवणी.”

पर्यवेक्षक कल्पेशच्या वयाचा पोरगा होता. त्याने पुरवणी आणली, सही केली, घड्याळ बघितलं. “मॅडम, पन्नास मिनिटं आहेत अजून.”

“हो ना,” संध्या म्हणाली, “मग दोन द्या.”